बुटीबोरीचा फाटा

धर्मातील तत्त्वांमुळे समाज बदलतो, की समाज बदलला म्हणजे तत्त्वे आपोआप बदलतात, असा प्रश्न या सदराच्या एका वाचकभगिनींनी पत्राने विचारला आहे. परीक्षेत दहा गुणांना घालावा असा हा प्रश्न. ‘दोन्ही बाजूंत तथ्य आहे’ असे लिहून त्यातून सुटताही येते. आमचे विद्यार्थी तसेच सुटतात, आणि पाच गुण मिळवतात. पण दिवाळी अंकाच्या वाचकाची बोळवण अशी अर्ध्या गुणांवर करणे बरे नव्हे. म्हणून ग्रंथालयातून उठून वाचकांना मी एका चव्हाट्यावर घेऊन जाणार आहे. हा चव्हाटा म्हणजे बुटीबोरी.

नागपूरहून दक्षिणेला पंचवीस-तीस किलोमीटर गेले की बुटीबोरी लागते. इथे रस्त्याला फाटा फुटतो. सरळ जाणारा रस्ता हिंगणघाटावरून हैदराबादला जातो, उजवीकडचा वर्ध्याला. आगगाडीचा रस्ताही नागपूरहून खापरी, गुमगाव करीत इथून सिंदीवरून वर्ध्याला पोहोचतो. पूर्वी हे एक साधे स्टेशनाचे गाव होते. आता इथे मोठी औद्योगिक वसाहत आहे, आणि पाळी बदलण्याच्या वेळी रस्त्यावर दहा प्रांतांच्या बोली ऐकू येतात. धर्मविचाराशी या गावाचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा की, या फाट्याच्या दोन्ही टोकांना, नागपूरला आणि वर्ध्याला, विसाव्या शतकातील भारताच्या धर्मविचाराचे दोन मोठे प्रयोग झाले. दोन्ही प्रयोगांचा विषय एकच होता: अस्पृश्यता. उत्तरे मात्र दोन निघाली.

त्या प्रयोगांकडे जाण्यापूर्वी जवळच्याच टाकळघाटला थोडे थांबू. टाकळघाट आणि खापा या परिसरात १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या वतीने डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केले. लोहयुगातील माणसांची वस्ती आणि त्यांची शिलावर्तुळे तिथे सापडली. मोठमोठे धोंडे गोलाकार मांडायचे आणि आत मृताबरोबर भांडी, लोखंडी हत्यारे पुरायची, अशी ती रीत. विदर्भात अशी वर्तुळे पुष्कळ आहेत; नागपूरजवळच्या माहुरझरीला तर माणसाबरोबर घोडाही पुरलेला आढळला. त्या लोकांचा एकही मंत्र आपल्याला ठाऊक नाही. त्यांच्या देवाचे नाव ठाऊक नाही. पण एवढे नक्की समजते की, मेल्यानंतरही माणसाला काही लागते असे त्यांना वाटत होते; आणि त्या वाटण्यापायी हाताशी असलेले मोलाचे लोखंड त्यांनी मातीत घातले, दहावीस माणसांनी मिळून धोंडे ओढले.

धर्मश्रद्धेचा समाजावर परिणाम कसा मोजावा याचे माप मला या धोंड्यांत सापडते. माणसे तोंडाने काय म्हणतात ते बाजूला ठेवावे. त्या श्रद्धेपायी ती कोणते कष्ट उपसतात, काय सोडतात आणि कोणाबरोबर बसून जेवतात, हे पाहावे. तत्त्व पोथीत असेपर्यंत ते पंडितांचे असते. ते स्वयंपाकघरात शिरले, पंचांगात शिरले, मुलांच्या नावांत शिरले, म्हणजे समाजाचे होते.

याचे मराठी माणसाला सर्वांत जवळचे उदाहरण अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरचे. श्रीचक्रधरांनी तेराव्या शतकात आपले तत्त्वज्ञान लोकांच्या भाषेत सांगितले. स्त्रियांना आणि शूद्रांना संन्यासाचा अधिकार दिला. रजस्वलेचा विटाळ त्यांनी मानला नाही. शरीराचे इतर मळ जसे बाहेर पडतात तसाच हा, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्यामागे पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. केशोबासांसारखा संस्कृत जाणणारा शिष्य संस्कृतात ग्रंथ रचू लागला, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्याला आवरले. पंथातल्या साध्या म्हाताऱ्या बायकांना ते कळणार नाही, हे त्यांचे कारण. मोक्षाचा अधिकार सर्वांना, हा सिद्धान्त एकदा मानला की मोक्षाची भाषाही सर्वांची असावी लागते. म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ आणि त्यामागून आलेले मराठी गद्य हे या सिद्धान्ताचे फळ आहे. मी ज्या विषयाची भाकरी खातो तो विषयच मुळी एका धर्मनिर्णयाने घडवलेला आहे, हे वर्गात सांगताना मला नेहमी गंमत वाटते.

पण त्याच पंथाने पुढे आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. परचक्राचे भय, पाठभेदाचे भय, परक्यांच्या टीकेचे भय, कारणे अनेक असतील. परिणाम असा झाला की, लोकांसाठी लोकभाषेत लिहिलेले वाङ्मय कित्येक शतके लोकांनाच दिसले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अभ्यासकांनी त्या लिप्यांची कुलपे उघडली तेव्हा मराठीला आपले मूळ गद्य गवसले. तत्त्व तेच राहिले, पण त्याचे दार बंद झाले आणि समाजावरचा त्याचा प्रभाव आटला.

युरोपातही असेच घडलेले दिसते. मार्टिन ल्यूथरने १५२२ मध्ये नवा करार आणि १५३४ मध्ये सबंध बायबल जर्मन भाषेत आणले. देवाचे वचन प्रत्येकाने स्वतः वाचले पाहिजे, हा त्याचा आग्रह. वाचायचे तर अक्षर यायला हवे, म्हणून शाळा हव्यात. पुढे मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०४-०५ मध्ये दाखवण्याचा प्रयत्न केला की, कॅल्विनच्या पंथातील एका सिद्धान्ताने भांडवलशाहीच्या वाढीला बळ दिले. कोणाचा उद्धार व्हायचा हे देवाने आधीच ठरवले आहे, असा तो सिद्धान्त. आपण निवडलेल्यांपैकी आहोत की नाही या धास्तीने माणसे रात्रंदिवस राबू लागली, काटकसर करू लागली, आणि धंद्यातील यश हे देवाच्या कृपेचे चिन्ह मानू लागली. वेबरच्या मतावर आजही वाद आहेत. पण परलोकाविषयीच्या मताने इहलोकीची वहीखाती बदलू शकतात, ही त्याची मुख्य कल्पना विसरण्याजोगी नाही.

आता फाट्यावरून उजवीकडे वळू.

वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर बजाज कुटुंबाचे. जमनालालजींनी जुलै १९२८ मध्ये ते अस्पृश्यांना खुले केले. सनातन्यांनी बराच गहजब केला, तरी ते डगमगले नाहीत. त्या काळात हे धाडस केवढे होते ते समजून घ्यायचे तर नाशिककडे पाहावे. तिथे काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी मार्च १९३० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, तो काही वर्षे चालला आणि दार उघडले नाही. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. म्हणजे स्वातंत्र्य तीन-साडेतीन महिन्यांवर आले तरी विठोबाचे दार सर्वांना मोकळे नव्हते. या दोन घटनांच्या शेजारी ठेवले म्हणजे १९२८ चे वर्धे उठून दिसते. पुणे करार झाल्यावर गांधीजींनी आपला अस्पृश्यतानिवारणाचा देशभरचा दौरा नोव्हेंबर १९३३ मध्ये सुरू केला, तोही वर्ध्याहूनच.

या बाजूचे म्हणणे असे होते: अस्पृश्यता हा हिंदुधर्माचा भाग नाही, तो त्याला लागलेला कलंक आहे, कलंक पुसा, धर्म राहील. हृदयपरिवर्तन हा इथला मार्ग. जो दार बंद करतो त्याच्याच मनात धर्माचा खरा अर्थ जागा करायचा.

वर्ध्याहून उलट निघून, बुटीबोरी ओलांडून, नागपूरला आले म्हणजे दुसरे उत्तर मिळते. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली जातिनिर्मूलनावरचे आपले भाषण छापून प्रसिद्ध केले. लाहोरच्या ज्या मंडळासाठी ते लिहिले होते, त्याने परिषदच रद्द केली. त्यातील युक्तिवादाचा गाभा असा की, लोक जात पाळतात ते दुष्ट आहेत म्हणून नव्हे, धार्मिक आहेत म्हणून. जातीला शास्त्राचा आधार आहे असे त्यांना मनापासून वाटते. तेव्हा नुसत्या सहभोजनांनी भागणार नाही. ज्या ग्रंथप्रामाण्यावर हे उभे आहे, ते प्रामाण्यच गेले पाहिजे.

वाचकांनी इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गांधीजी आणि बाबासाहेब यांचा वाद आपण नेहमी ऐकतो; पण ज्या भूमीवर उभे राहून ते वाद घालीत होते ती एकच होती. समाज धर्मविचाराने चालतो, हे दोघांनाही मान्य होते. म्हणून तर एकाने धर्माचा अर्थ बदलू पाहिला आणि दुसऱ्याने धर्मच बदलला.

तो बदलण्याची घोषणा येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी झाली, आणि प्रत्यक्ष दीक्षा नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, दसऱ्याच्या दिवशी. मध्ये एकवीस वर्षे गेली. एवढा काळ एखादा माणूस धर्म निवडण्यासाठी अभ्यास करीत राहतो, हीच आपल्याकडे नवलाची गोष्ट. कारण आपल्यापैकी बहुतेकांचा धर्म बारशाच्या आधीच ठरलेला असतो. व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटच्या मैदानावर भदन्त चंद्रमणी महास्थविरांनी बाबासाहेबांना आणि माईसाहेबांना दीक्षा दिली. त्यानंतर बाबासाहेबांनी स्वतः जमलेल्या लाखो लोकांना त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. माणसे पांढरी वस्त्रे नेसून आली होती. मुंबई, भुसावळ, अकोला या बाजूंनी आगगाडीने आलेले बुटीबोरीवरूनच पुढे गेले. १६ ऑक्टोबरला चंद्रपूरला पुन्हा दीक्षेचा सोहळा झाला, आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. नव्या धर्माच्या प्रवर्तकाला आपल्या अनुयायांबरोबर आठ आठवडेसुद्धा मिळाले नाहीत.

त्या बावीस प्रतिज्ञा माझ्या प्रश्नाच्या दृष्टीने फार महत्त्वाच्या आहेत. त्यांत निर्वाणाची गहन चर्चा नाही. अमुक देवांची उपासना करणार नाही, श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही, चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, दारू पिणार नाही, सर्व माणसे समान मानीन, असा त्यांचा रोख. म्हणजे तत्त्व थेट देवघरात, पंचांगात आणि गुत्त्याच्या वाटेवर आणून उभे केले. घरोघरचे देव्हारे बदलले. लग्ने साध्या विधीने लागू लागली. मुलांची नावे सिद्धार्थ, गौतम, मिलिंद, सुजाता अशी येऊ लागली. खानेसुमारीच्या आकड्यांतही हे उमटले. साऱ्या भारतात १९५१ मध्ये बौद्धांची संख्या दोन लाखांच्या आत होती. १९६१ मध्ये ती साडेबत्तीस लाख झाली, आणि त्यांतील सुमारे २८ लाख एकट्या महाराष्ट्रात. २०११ मध्ये महाराष्ट्रातील संख्या ६५ लाखांवर होती.

धर्मांतराने पोट भरते का, असे तेव्हाही लोक विचारीत, आताही विचारतात. त्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात आहे. १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या होत्या; १९५६ मध्ये शिखांचा समावेश झाला; बौद्धांचा झाला तो १९९० मध्ये. महाराष्ट्र राज्याने आपल्या हातातील सवलती पुष्कळ आधी दिल्या, तरी केंद्राच्या सवलतींसाठी चौतीस वर्षे थांबावे लागले. म्हणजे कागदावर ‘बौद्ध’ असे लिहिणाऱ्याला त्या शब्दाची किंमत मोजावी लागत होती, आणि गरीब माणसे ती मोजीत होती. फायद्यासाठी धर्म बदलला म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

२०११ च्या खानेसुमारीत देशाची साक्षरता सुमारे ७३ टक्के होती, बौद्धांची सुमारे ८१. हे सारे श्रेय दीक्षेचे, असे मी म्हणणार नाही. शिक्षणाची तहान त्याआधीची आहे. महाडची परिषद १९२७ ची, पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ ची, तिचे सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ चे. पण दीक्षेने त्या तहानेला धर्माचे स्थान दिले. दरवर्षी दीक्षाभूमीवर जी गर्दी लोटते तिच्यात पुस्तकांची दुकाने पाहण्याजोगी असतात. खेड्यातून आलेली, अंगठ्यावर सही करणारी म्हातारी नातवासाठी पुस्तक निवडताना मी पाहिली आहे. आमच्या महाविद्यालयातल्या कपाटांना तसा स्पर्श क्वचित होतो.

तर मग तत्त्वांनी समाज बदलतो, असे लिहून उत्तर संपवावे काय? तसे संपवता येत नाही. कारण बुटीबोरीत आणखी एक गोष्ट पाहायला मिळते.

समाज बदलला की विचार बदलतील, असे म्हणणाऱ्यांचाही एक पक्ष आहे. रेल्वे येऊ द्या, कारखाने येऊ द्या, जात आपोआप वितळेल, ही त्यांची आशा. बुटीबोरीत रेल्वे आली आणि कारखाने आले. यंत्रावर कोणाचा हात कोणत्या जातीचा हे यंत्र विचारीत नाही. उपाहारगृहातल्या रांगेत ताट सर्वांना एकच. इथवर त्या पक्षाचे म्हणणे खरे ठरले. पण पाळी सुटते आणि माणूस भाड्याची खोली शोधायला निघतो. माझा एक जुना विद्यार्थी असाच निघाला होता. घरमालकीणबाई बोलायला अगदी प्रेमळ. तिने पाणी दिले, खोली दाखवली, भाडे सांगितले. मग विचारले,

“आडनाव काय म्हणाले भाऊ?”

“नाव सांगितलं न काकू. भाडं दोन महिन्यांचं आगाऊ देतो.”

“पैशाचं नाही बाप्पा. आमच्या घरी सासूबाईंचं सोवळं असते. पूर्ण नाव सांगा ना.”

त्याने पूर्ण नाव सांगितले. खोली दुसऱ्याला आधीच कबूल केली होती असे काकूंना तेवढ्यात आठवले.

या काकूंना कोणी विचारले की अस्पृश्यता मानता का, तर त्या कानांवर हात ठेवतील. त्यांनी मनुस्मृती पाहिलेली नाही. त्या मंदिरात जातात तिथे सर्वांना प्रवेश आहे. राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केल्याचे त्यांच्या नातवाच्या नागरिकशास्त्रात आहे आणि तो ते पाठही म्हणतो. असे असताना त्या घरात कोणता सिद्धान्त राज्य करतो आहे? जो कोणी म्हणून दाखवीत नाही, तोच. लिहिलेल्या तत्त्वाशी वाद घालता येतो, त्याचा अर्थ बदलता येतो, प्रसंगी त्याचा त्यागही करता येतो. ‘आमच्या घरी असते’ या तीन शब्दांशी वाद घालणार कसा? गांधीजींनी ज्याला कलंक म्हटले आणि बाबासाहेबांनी ज्याला धर्माज्ञा म्हटले, ते आता नुसती सवय म्हणून उरले आहे; आणि सवयीला प्रवर्तक नसतो, पोथी नसते, म्हणून तिला जाब विचारायला कोणी सापडत नाही.

वर्ध्याने देवळाचे दार उघडले. नागपूरने त्या देवळाची गरजच संपवली. या दोन प्रयोगांतून सुटून गेले ते साधे राहते घर. ते उघडण्याचे काम कायद्याने होणार नाही आणि कारखान्यानेही झाले नाही, हे आपण पाहिले. घराचे दार आतून लावलेले असते.

नव्या धर्माच्या वाटेलाही हा धोका आहेच, हे बौद्ध विचारवंत स्वतः सांगतात. तपासून पाहा, मगच माना, असे सांगणाऱ्याच्या मूर्तीपुढे नुसता हार घालून परतणे सोपे असते, आणि बावीस प्रतिज्ञांतील दारूची प्रतिज्ञा जयंतीच्या मिरवणुकीत विसरणेही सोपे असते. रिद्धपूरच्या लिप्यांची कथा म्हणूनच मी आधी सांगितली. तत्त्व कितीही उदार असो, रोजच्या वापरात राहिले नाही तर त्यावर गंज चढतो. टाकळघाटच्या मातीतल्या लोखंडावर चढला तसा.

पत्र पाठवणाऱ्या भगिनींना माझे उत्तर असे आहे. तत्त्वांनी समाज बदलतो. पण ज्यांनी ती तत्त्वे आचरण्यासाठी काही सोडले, त्यांच्यापुरताच बदलतो. जमनालालजींनी आपल्या समाजातील मान पणाला लावला. लाखो दीक्षितांनी पिढ्यांचे देव सोडले आणि सवलतींवरही पाणी सोडले. आपण मध्यमवर्गीय माणसे तत्त्वे सर्वांत जास्त वाचतो, दिवाळी अंकांत तर दरवर्षी वाचतो, आणि सर्वांत कमी सोडतो. आपल्याकडून कोणी देव मागत नाही की घरदार मागत नाही. जिन्यावरच्या रिकाम्या खोलीसाठी कोणी आले तर भाडे, वीज आणि पाण्याची वेळ एवढेच बोलावे आणि आडनावाचा प्रश्न गिळून टाकावा, इतके थोडे मागितले जात आहे.

येत्या काही दिवसांत घरोघर झाडलोट होईल, माळ्यावरची भांडी खाली येतील. त्याच ओघात घरातल्या मोठ्यांनी मुलांना समोर बसवून एकदा विचारून पाहावे की, ‘आपल्या घरी असे नसते’ असे आपण कशाकशाला म्हणतो, आणि का म्हणतो. मुले यादी पटकन करतील. कारणे सांगताना मोठ्यांना वेळ लागेल. ती सांगता आली नाहीत तर ती यादी जपून ठेवावी, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत तीतले एक तरी कमी करावे. काय कमी केले ते मला अवश्य कळवावे. या सदरात नाव न देता छापीन.